‘हा स्वयंपाक आहे, विज्ञान नव्हे’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

ॲक्रिलामाइड जेल, म्हणजे प्रथिनं आकारानुसार वेगळी करणारा बारीक छिद्रांचा पातळ थर, त्यावरच्या माझ्या लेखाखाली ‘प्रोटिओमिक्सवाला’ या टोपणनावाने एक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी ती जशीच्या तशी देते:

“काकू, आठवणी म्हणून लेख ठीक. पण हाताने जेल ओतणं हा स्वयंपाक आहे, विज्ञान नव्हे. आता तयार जेल विकत मिळतात आणि खरं तर जेलच लागत नाही, शॉटगनमध्ये सगळं द्रावणातच होतं. छिद्रांचा आकार टक्केवारीवर ठरतो हे अर्धसत्य आहे, क्रॉसलिंकरचा उल्लेखच नाही. विद्यार्थ्यांची दिशाभूल करू नका.”

आधी ‘काकू’चं बघू. तुमची-माझी ओळख नाही, आणि या ब्लॉगवर मी वय कुठेही लिहिलेलं नाही. हाच लेख एखाद्या निवृत्त प्राध्यापकांनी लिहिला असता तर ‘काका, आठवणी म्हणून ठीक’ असं लिहायला तुमची बोटं धजावली असती का? तिथे ‘सर’ आलं असतं, शिवाय ‘एक नम्र शंका’ही आली असती. स्वतः टोपणनावाआड बसायचं आणि समोरच्या बाईला परस्पर नातं लावून मोकळं व्हायचं, सोय चांगली आहे. माझा राग टीकेवर नाही. टीका मी भरपूर ऐकली आहे आणि तीही तोंडावर.

क्रॉसलिंकरबद्दल, म्हणजे ॲक्रिलामाइडच्या साखळ्या एकमेकींना जोडणाऱ्या ‘बिस’बद्दल, मात्र तुमचं बरोबर. एक वाक्य हवं होतं, ते आता लेखात घातलं आहे. एकूण ॲक्रिलामाइडच्या साधारण पाच टक्के बिस असेल तेव्हा छिद्रं सर्वांत बारीक असतात. त्याच्या पुढे बिस वाढवत गेलात तर साखळ्यांच्या जुड्या होतात, छिद्रं उलट मोठी होतात आणि जेल दुधाळ, ठिसूळ होतं. पण आपल्याकडे ॲक्रिलामाइड आणि बिस यांची बाटली २९ः१ची असते नाहीतर ३७.५ः१ची. एकदा बाटली ठरली की मुलांच्या हातात जेलमधल्या एकूण ॲक्रिलामाइडची टक्केवारीच उरते. लेख मुलांसाठी होता. दिशाभूल वगैरे जड शब्द जरा जपून वापरा.

आता त्या स्वयंपाकाच्या वाक्याकडे येते, कारण ते मला लागलं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

परळच्या एका संस्थेत मी तांत्रिक सहायक म्हणून लागले आणि त्याच बाकावर माझी सगळी नोकरी सरली. पीएचडी माझ्याकडे नाही. ‘बाई, दोन जेल लावून ठेवा हं’ हे मी इतक्यांदा ऐकलं आहे की हे वाक्य माझ्या नावाचाच भाग वाटायचं. तेव्हा जेल म्हणजे बायकांनी उरकायचं काम, आणि त्यावरच्या प्रथिनांच्या पट्ट्यांचा अर्थ लावणं म्हणजे विज्ञान, ही वाटणी मला नवी नाही. ती तुमच्या पिढीतही टिकून आहे एवढंच काय ते नवल.

या ‘स्वयंपाकात’ काय असतं ते ऐका. जेल धरायला लावणारं अमोनियम परसल्फेट ताजं असेल तर पाण्यात टाकताच बारीक तडतड ऐकू येते. मुंबईच्या जुलैत डबी दोन-चार वेळा उघडी राहिली की पावडरीचे गठ्ठे होतात आणि ती तडतड थांबते. म्हणून ती डबी डेसिकेटरमध्ये, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात, ठेवायची आणि खालची निळी सिलिका जेल गुलाबी झाली की ओव्हनमध्ये तापवून पुन्हा निळी करायची. (तीही सच्छिद्र जेलच बरं का, फक्त तिचं काम कुणाच्या पेपरात येत नाही.) मग टेमेड. ते परसल्फेटमधून रॅडिकल, म्हणजे फार क्रियाशील कण, सुटण्याचा वेग वाढवतं आणि ॲक्रिलामाइडची साखळी सुरू होते. हवेतला ऑक्सिजन हेच रॅडिकल गिळतो, म्हणून द्रावणातली हवा काढायची आणि ओतलेल्या जेलवर आयसोप्रोपेनॉलचा पातळ थर द्यायचा. थोड्या वेळाने जेल आणि वरचा द्रव यांच्यामध्ये एक स्वच्छ रेघ उमटते. ती दिसली की मुलं खूश होतात आणि नमुने भरायला घेतात.

घोळ इथेच होतो. रेघ दिसली म्हणजे जेल धरलं. आतलं सगळं ॲक्रिलामाइड साखळीत गेलं असं नव्हे. उरलेलं मोकळं ॲक्रिलामाइड आम्लारीधर्मी बफरमध्ये प्रथिनातल्या सिस्टीन या अमिनो आम्लाला जाऊन चिकटतं आणि त्या सिस्टीनचं वजन ७१.०४ डाल्टनने (डाल्टन म्हणजे रेणूंच्या वजनाचं एकक) वाढतं. म्हणजे दुपारी जेल ओतताना केलेली घाई पुढे मास स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे रेणूंच्या वजनांच्या आलेखात, जशीच्या तशी छापून येते.

आमच्याकडे एका विद्यार्थ्याला एका पेप्टाइडचं, म्हणजे प्रथिनाच्या तुकड्याचं, वजन अपेक्षेपेक्षा ७१ने जास्त मिळालं. अलानिन या दुसऱ्या अमिनो आम्लाचा साखळीतला अवशेषही ७१.०४चाच. दोन्हींचं रेणुसूत्र एकच, तेव्हा नुसत्या वजनावरून त्यांना वेगळं काढायला उपकरण कितीही महाग असून उपयोग नाही. सिस्टीनच्या शेजारी एक अलानिन जास्तीचं आहे, हा प्रथिनाचा नवा प्रकार आहे, असं गाइडसकट सगळ्यांचं ठरलं. परिषदेसाठी गोषवाराही लिहून झाला होता. मी चहाचा कप हातात घेऊन मागे उभी होते. म्हटलं, आयोडोॲसिटामाइड घातलं होतं ना? मग ते चिकटून सिस्टीनवर जे ५७ वाढतात ते कुठे आहेत? अलानिन खरंच वाढलं असतं तर ५७ आणि ७१ मिळून १२८ची वाढ दिसायला हवी होती. इथे ५७ नाहीतच, म्हणजे सिस्टीनची जागा आधीच कुणीतरी अडवली आहे. जेल कधी ओतलं होतं? तर म्हणे त्याच दिवशी, जेवणानंतर, आणि रेघ दिसल्या दिसल्या चालवलं. दुसरं जेल मी ओतलं, रात्रभर तसंच ठेवलं, सकाळी चालवलं. नवा प्रकार गेला, ५७ आले. गोषवारा मागे घेतला. कुणाला हे कळलं, ते त्या वर्षीच्या अहवालात शोधू नका.

याला स्वयंपाक म्हणायचं असेल तर म्हणा, पण मग तो शब्द शिवीसारखा वापरू नका. कोइची तानाका यांना २००२चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं ते प्रथिनांसारखे मोठे रेणू न मोडता त्यांचं आयन, म्हणजे विद्युतभारित कण, करण्यासाठी. जपानी उपकरण कंपनीतले हे इंजिनिअर. डॉक्टरेट नव्हती. १९८५मध्ये कोबाल्टच्या बारीक भुकटीत ॲसिटोनऐवजी चुकून ग्लिसरीन पडलं, भुकटी महाग म्हणून त्यांनी ते मिश्रण फेकलं नाही, तसंच लेसरखाली घातलं आणि संकेत मिळाला. तुमच्या नियमाने हाही स्वयंपाकच. नोबेल समितीला कळवायचं राहून गेलं असेल तर कळवून टाका.

तयार जेल वापरा की, पैसे असतील तर जरूर वापरा. मात्र पाकिटावर मुदत छापलेली असते आणि मुंबईतल्या किती फ्रिजमध्ये मुदत उलटलेली पाकिटं ‘सरावासाठी’ पडून असतात, ते माझ्या तोंडून वदवून घेऊ नका.

राहता राहिलं शॉटगन, म्हणजे जेल न लावता सगळी प्रथिनं द्रावणातच तोडून त्यांचे तुकडे उपकरणात घालणं. मला ते माहीत आहे, ज्यांच्याकडे तेवढा उपकरण-वेळ आहे त्यांनी करावं. तो माझ्या लेखाचा विषय नव्हता आणि न लिहिलेल्या लेखावरच्या टीकेला उत्तर द्यायला मी बांधील नाही. फक्त एक विचारते. हट्टी प्रथिनं विरघळवायला तुम्हीही एसडीएस हा साबणासारखा पदार्थच घालत असाल, आणि तेच एसडीएस पुढे आयनीकरणाचा गळा दाबतं. जेलमध्ये पट्टी कापून धुतली की ते निघून जातं. फिल्टरवर धुतो म्हणाल, तर त्या फिल्टरवर किती प्रथिन मागे राहतं ते तुम्ही स्वतः मोजलं आहे का? मोजलं असेल तर आकडे इथेच टाका. प्रतिक्रियांची खिडकी उघडी आहे.