तीस टक्क्यांची ओल

लातुरात ट्युशन एरियाच्या आसपास खोल्या बांधून पोरांना भाड्यानं देणाऱ्या मालकांनो, आधी ती पिशवी फेकून द्या. तीच, साडीच्या दुकानाची, जिच्यात प्लंबरची चिठ्ठी, टँकरच्या पावत्या, मोटार रिवाइंडिंगचं बिल असं वर्षभर कोंबून जुलैत आमच्या टेबलावर उपडी करता. मी एका कर सल्लागाराकडं रिटर्न भरायचं काम करतो. "हे सगळं धरा बरं का, औंदा लई खर्च झालाय," असं तुम्ही म्हणता आणि मला तुमची कीव येते. त्यातला एकही कागद चालत नाही. आणि चालत नाही, यातच तुमची चांदी आहे.

आयकर कायद्याला तुमच्या भिंतीत काडीचा रस नाही. वर्षाचं भाडं घ्यायचं, त्यातून भरलेली घरपट्टी वजा करायची आणि उरलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के वजावट. दुरुस्ती, रंग, विमा, झाडूवाली, भाडं मागायला मारलेल्या चकरा, सगळं त्या तिसात आलं. पूर्वी याची वेगवेगळी कलमं असायची. ती कटकटही गेली. आता १९६१ चा कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून नवा आला, तरी हे तीस टक्के जागचे हललेले नाहीत.

हिशेबच मांडू. सहा खोल्या, प्रत्येकी ५,००० रुपये, म्हणजे वर्षाला ३,६०,०००. घरपट्टी भरली १२,०००. उरले ३,४८,०००. त्याचे तीस टक्के, १,०४,४००, सरकारनं तुमच्या पदरात टाकले. स्लॅबचं वॉटरप्रूफिंग करून दीड लाख घातले तरी १,०४,४०० च. एक खिळाही ठोकला नाही तरी १,०४,४०० च. आता सांगा, शहाण्या माणसानं काय करावं?

खिळाही ठोकू नये.

पोरगा खाली येऊन "काका, स्लॅब गळायलाय" म्हणाला, तर घाबरू नका. "पाऊस पडायलाय म्हणून गळायलाय, थांबला की थांबंल," असं सांगा. शास्त्रीयदृष्ट्या ते खरंच आहे. पोपडे धरले तर खाट भिंतीपासून सरकवायला सांगा. नळाचा वायसर गेला तर सुतळी बांधा. रंगाचं म्हणाल, तर दहावीचा निकाल लागल्यावर पोराचे आईबाप खोली बघायला येतात, तेवढ्यापुरता दाराच्या समोरच्या एकाच भिंतीला एक हात मारा. आईबाप दारातच उभे असतात; आत शिरायला जागा असते कुठं?

पाण्याचं तेवढं जपून. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं हे गाव. इथं उन्हाळ्यात टँकर मागवला की काळजात चर्र होतं, कारण तोही त्याच तीस टक्क्यांत. वेगळा धरता येत नाही. म्हणून टाकी भरून घ्या, पण मोटार सकाळी वीसच मिनिटं चालवा. उशिरा उठणारा पोरगा डॉक्टर होत नाही, हे त्याच्या बापाला पटतं.

घरपट्टीचं कलम मात्र कायद्यानं खवचटपणे लिहिलंय. इथं खरोखर पैसे भरावे लागतात. ज्या वर्षी भरली त्याच वर्षी वजावट, आणि तीही मालकानं स्वतः भरली तरच. महापालिका शास्ती माफ करील म्हणून चार-चार वर्षं थकवणाऱ्यांना वजावटही तितकीच वर्षं थांबते. तीस टक्के फुकट मिळत असताना बारा हजार भरायला लावणारं हे कसलं सरकार!

कर्जाच्या व्याजाबद्दल थोडक्यात. भाड्यानं दिलेल्या घराचं व्याज सगळं धरता येतं. पण त्यातून तोटा निघाला तर जुन्या करप्रणालीत दोन लाखांपर्यंतच तो पगाराशी वळता होतो आणि नव्या करप्रणालीत अजिबात नाही. मुद्दलाचा इथं विषयच नाही. बँकेतला भाचा वेगळं सांगत असेल तर तो तुमचा प्रश्न.

खाली कुटुंबवाला नोकरदार भाडेकरू ठेवलाय? त्याला घरभाडे भत्त्यासाठी पावती लागते आणि वर्षाचं भाडं एक लाखावर गेलं की तुमचा पॅन नंबरही. म्हणून बरेच मालक पावती ८,३०० ची देतात आणि वरचे दीड हजार 'मेंटेनन्स' म्हणून हातात घेतात. बाराचा पाढा ज्यांना येत नाही असं आपण समजतो, ते ९९,६०० तोंडी काढतात. कशाचं मेंटेनन्स, हे विचारू नये. काही हुशार मंडळी तर घरभाडं 'धंदा' म्हणून दाखवून खरा खर्च लावायची. २०२४ च्या अर्थसंकल्पानं तीही वाट बुजवली. बघा, सरकारच म्हणतंय की खर्च दाखवू नका.

आमच्याकडं एक काका आहेत, त्यांच्याकडं पिशवीच नसते. बँकेचं पासबुक आणि घरपट्टीची पावती, बस्स. "खर्च?" म्हणून मी पहिल्या वर्षी विचारलं होतं. "कसला?" म्हणाले. कायदा न वाचता कळलेला हा एकच माणूस. त्यांच्याच माडीवर मी अकरावी-बारावी काढली होती. खाटेच्या पायथ्याशी रंगाची रिकामी बादली असायची. रात्री टपटप बदलून थपथप झाली की बादली भरत आली असं समजायचं आणि उठून ओतायची. फिजिक्सचं जाड पुस्तक फुगून दुप्पट झालेलं अजून घरी आहे.

गेल्या जुलैत रकान्यात तीस टक्के टाकताना राहवलं नाही. म्हटलं, "काका, मी तुमच्याकडंच होतो. तीन नंबरात."

"तीन नंबर? गळती ती?" त्यांनी चष्मा वर केला. "तिला आता सहा हजार येतात."