सुट्टीतलं उणे चिन्ह

इंग्लंडात जीसीएसईचे, म्हणजे सोळाव्या वर्षीच्या शालान्त परीक्षेचे, पेपर जूनमध्ये संपतात आणि सिक्स्थ फॉर्म, म्हणजे तिथली अकरावी-बारावी, सप्टेंबरात उघडतो. मधल्या दहाएक आठवड्यांना सुट्टी म्हणतात. मॅथ्स, फर्दर मॅथ्स (गणिताचाच पुढचा वेगळा विषय), फिजिक्स, केमिस्ट्री अशी भारी निवड केलेल्या मुलाच्या घरी या काळात काय चालतं म्हणाल, तर मुलगा झोपलेला असतो आणि ए-लेव्हलची, म्हणजे सिक्स्थ फॉर्मच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाची, तयारी पालक करतात.

पहिली तयारी म्हणजे पुण्याच्या काकांना फोनवर समजावणं. त्यांच्या हिशेबात सायन्सची अकरावी म्हणजे पीसीएमबी, वर इंग्लिश आणि वर क्लास. इथे बहुतेक मुलं तीनच विषय घेतात, फर्दर मॅथ्सवाली चार. इतिहास-भूगोलाला सोळाव्या वर्षी रामराम. "म्हणजे निम्मा दिवस मोकळाच की!" असं म्हणून काका फोन ठेवतात. दुर्दैवाने मुलाचंही तेच मत असतं.

मग शाळेकडून ब्रिजिंग वर्क नावाचा, जुन्या अभ्यासावरून नव्याकडे नेणाऱ्या सरावाचा गठ्ठा येतो. आत घातांक, करणी, कंस, अवयव, वर्गसमीकरणं. मुलगा वरवर चाळतो, "इट्स ओन्ली जीसीएसई स्टफ" म्हणतो आणि कृष्णविवरांचे व्हिडिओ बघायला बसतो. माझं स्पष्ट मत आहे की कृष्णविवरं दोन वर्षं थांबतील, उणे चिन्ह थांबणार नाही. ए-लेव्हलला पोरं नव्या धड्यात कमी आणि जुन्या बीजगणितात जास्त अडकतात. कॅल्क्युलसची पायरी बरोबर असते, तिच्या खालच्या ओळीतला कंस चुकतो.

नमुना बघा. २क्ष² − १२क्ष + ७ याचा पूर्ण वर्ग करायचा आहे. २ बाहेर काढला: २(क्ष² − ६क्ष) + ७. आत वर्ग केला: २[(क्ष − ३)² − ९] + ७. इथवर सगळे येतात. आता चौकोनी कंस सोडताना बाहेरच्या २ ने त्या ९ लाही गुणायचं असतं, म्हणून उत्तर २(क्ष − ३)² − ११. पण तो ९ कोपऱ्यात अंग चोरून बसतो, त्याला कोणी गुणत नाही आणि वहीत शेवटी −२ उगवतं. पडताळा दहा सेकंदांचा आहे. मूळ राशीत क्ष = ३ घाला: १८ − ३६ + ७ = −११. हे दहा सेकंद खर्च करायला सोळा वर्षांचं माणूस का तयार होत नाही, यावर कोणी पीएचडी करावी.

याच वहीत (क्ष + ३)² चं क्ष² + ९ झालेलं सापडलं तर रागावू नका, तशी वीस गणितं घाला. शिवाय जीसीएसईच्या पेपरात हल्ली वर्गसमीकरणाचं सूत्र छापून मिळतं, ए-लेव्हलला ते तोंडपाठ लागतं. साइन आणि कोसाइन नियमांचंही तेच.

खरेदीत खरी गरज एकाच गोष्टीची आहे, ती म्हणजे कॅल्क्युलेटर. जीसीएसईचा एफएक्स-८३ द्विपद वितरणाच्या संभाव्यता काढत नाही, त्यामुळे कॅसिओचा एफएक्स-९९१सीडब्ल्यू घ्या. थोरल्या बहिणीचा जुना ९९१ईएक्स असेल तर तोही उत्तम चालतो, फक्त दोघांची बटणं वेगळ्या जागी आहेत. कुठलाही असो, आधी साइन ३० दाबून बघा. ०.५ आलं तर ठीक. −०.९८८ आलं तर यंत्र कोन अंशांऐवजी रेडियनमध्ये मोजतंय, आणि त्यावर प्रोजेक्टाइलचं गणित केलं तर वर मारलेला चेंडू थेट जमिनीत जातो. मुलगा तेही उत्तर तीन सार्थ अंकांपर्यंत नीटनेटकं लिहितो.

एडेक्सेलचं परीक्षा बोर्ड असेल तर मॅथ्समधल्या संख्याशास्त्रासाठी 'लार्ज डेटा सेट' नावाचं एक प्रकरण आहे. मे ते ऑक्टोबर १९८७ आणि मे ते ऑक्टोबर २०१५ या महिन्यांचं हवामान: कॅम्बोर्न, हीथ्रो, हर्न, लीमिंग, ल्यूकर्स ही पाच ब्रिटिश ठिकाणं, शिवाय बीजिंग, जॅक्सनव्हिल आणि पर्थ. ते पाठ करायचं नाही, एकदा स्प्रेडशीटमध्ये उघडून बघायचं. पावसाच्या रकान्यात 'टीआर' दिसलं तर तो ०.०५ मिमीहून कमी पाऊस, टायपिंगची चूक नव्हे. आणि पर्थला तेव्हा हिवाळा असतो.

फिजिक्सचे निदान ४० टक्के गुण गणिताच्या जोरावर मिळतात, म्हणून तिथलीही तयारी बीजगणित आणि एककं हीच. ०.४६ मिमी व्यासाची तार घ्या. छेदाचं क्षेत्रफळ ०.१६६ चौरस मिमी. चौरस मीटर करताना १० लाखांनी भागायचं, पण हात सवयीने १,००० नेच भागतो. झालं, तार अंगठ्याएवढी जाड! तिचा रोध काढा, मग अँपिअर बघून स्वतःच दचका. मिलिमीटरचे मीटर आधी करा, वर्ग मागाहून.

केमिस्ट्रीत पहिल्याच महिन्यात कॅल्शियमच्या इलेक्ट्रॉनांची २, ८, ८, २ ही मांडणी मोडीत निघते आणि वन-एस, टू-एस, टू-पी ही उपकवचांची मांडणी सुरू होते. त्याची काळजी सप्टेंबरात. सुट्टीत आयन पाठ करा: अमोनियम, नायट्रेट, कार्बोनेट, सल्फेट, हायड्रॉक्साइड, प्रभारासकट.

एवढ्याला रोजची चाळीस मिनिटं पुरतात, तीही ऑगस्टच्या शेवटच्या तीन आठवड्यांत. जुलैत केलेलं सप्टेंबरपर्यंत टिकत नाही. मात्र कागद-पेनाने करा, व्हिडिओ बघून मान डोलवणं धरायचं नाही, कारण बऱ्याच शाळा पहिल्या पंधरवड्यात याच गठ्ठ्यावर चाचणी घेतात.

काही शाळांत सिक्स्थ फॉर्मला कोट-पँटचा सूट लागतो. तो जूनमधल्या सेलमध्ये घेऊ नका. बीजगणित वाढो न वाढो, ही पोरं दहा आठवड्यांत उंचीने वाढतात आणि सेलचा माल दुकानदार तेव्हा परत घेईलच असं नाही.