कॅशलेस प्लॅन, कॅपचे वरचे पैसे आणि ‘अपघाता’चं बिल: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार. तुम्ही आमच्या डेंटल क्लिनिकला एक स्टार देऊन चार गोष्टी लिहिल्या आहेत. ऑफिसच्या डेंटल प्लॅनमध्ये कॅशलेस असताना वरचे पैसे मागितले, प्लॅनमध्ये बसणारी कॅप सोडून दुसरी सुचवली, बिलावर ‘अपघात’ लिहून दिलं नाही, आणि कॅप बनवणाऱ्या लॅबशी ‘सेटिंग’ असणार. तुमच्या दातांबद्दल किंवा एक्स-रेबद्दल इथे एक अक्षरही लिहिणार नाही, कारण ही जागा सगळ्यांसाठी उघडी आहे. पण नागपुरात मिहानमधल्या ऑफिसचं कार्ड असो की केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएस योजनेचं, हे प्रश्न अनेकांना पडतात. म्हणून कुठल्याही दाढेला लागू पडेल असं उत्तर देत आहोत.

कॅशलेसमध्ये कंपनी पैसे देते ते तिच्या यादीतल्या कामांचे, तिने ठरवलेल्या दराने. अशा याद्यांमध्ये रूट कॅनल असतं, बहुतेकदा एका प्रकारची कॅपही असते. मधलं बिल्ड-अप मात्र अनेकदा नसतं, आणि दाढ टिकते ती याच कामावर. किडीने दाढेची एखादी भिंत गेलेली असते, शिवाय दाढेच्या आतल्या नसेपर्यंत पोचायला वरून भोक पाडावं लागतं. ती पोकळी कंपोझिटने (दाताच्या रंगाच्या फिलिंगने) पक्की भरून दाढ उभी करायची, मग तिला आकार द्यायचा, मग कॅप. कॅपच्या कडेला चहूबाजूंनी किमान दीड ते दोन मिलिमीटर स्वतःचा, निरोगी दात पकडीत यावा लागतो. तेवढी पकड नसेल तर कॅप बिल्ड-अपसकट निघून हातात येते, नाहीतर दाढ हिरडीखाली उभी चिरते. उभी चिरलेली दाढ जवळजवळ नेहमीच काढावी लागते. यादीत नाही म्हणून बिल्ड-अप गाळायचं, की रूट कॅनलच्या नावाखाली दडवून बिल लावायचं? आम्ही दोन्ही करत नाही. वेगळी ओळ लिहितो, वेगळी रक्कम लिहितो, काम सुरू होण्याआधी सही घेतो. तुम्हाला खटकलेले वरचे पैसे या ओळीचे आणि कॅपमधल्या फरकाचे आहेत.

आता कॅप. धातूवर सिरॅमिक चढवलेल्या कॅपसाठी चावायच्या बाजूने साधारण दीड ते दोन मिलिमीटर जागा लागते, कारण आत धातू आणि वर सिरॅमिक असे दोन थर बसवायचे असतात. अखंड झिरकोनियाच्या (पांढऱ्या, कणखर सिरॅमिकच्या) कॅपला एक ते दीड मिलिमीटर पुरतं, पूर्ण धातूच्या कॅपलाही तितकंच. दाढ मुळात बुटकी असेल किंवा समोरची दाढ खाली उतरलेली असेल, तर दोन मिलिमीटर घासल्यावर पकडायला दात उरत नाही. कमी घासून तीच कॅप बसवली तर सिरॅमिकचा थर पातळ राहतो आणि टवके उडतात. कोणती कॅप बसेल हे दाढेची उंची, चावा आणि रात्री दात खाण्याची सवय पाहून ठरतं. प्लॅनच्या ॲपला यातलं काहीच दिसत नाही. जिथे जागा पुरेशी असते तिथे प्लॅनमधलीच कॅप आम्ही बसवतो. आणि वरचा खर्च नको असेल तर पूर्ण धातूची कॅप हा मागच्या दाढेसाठी उत्तम पर्याय आहे, फक्त ती पांढरी दिसत नाही. हा पर्याय आमच्या प्रत्येक एस्टिमेटवर छापलेला असतो.

मंजुरीची वाट पाहताना एक गोष्ट बिघडते, ती सगळ्यांनी लक्षात ठेवावी. रूट कॅनलनंतरचं तात्पुरतं सिमेंट काही आठवड्यांपुरतंच असतं. ते झिजलं की लाळ आत झिरपते, जंतू परत शिरतात आणि रूट कॅनल पुन्हा करायची पाळी येते. फाइल टीपीएकडे (विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या संस्थेकडे) अडकली असली तरी निदान पक्कं फिलिंग तरी करून घ्या.

‘अपघात’ लिहून द्यायला आम्ही नकार दिला आणि पुढेही देऊ. नेहमीच्या आरोग्य विम्यात दातांचे उपचार बहुधा बसत नाहीत, अपघाताने झालेली इजा असेल तरच बसतात, म्हणून ही मागणी होते. पण कीड आणि मार यांतला फरक एक्स-रेमध्ये बहुधा दिसतो आणि विमा कंपनी तो मागवते. क्लेम खोटा ठरला तर पॉलिसीच रद्द होऊ शकते, आणि पुढे खरंच पडून दात तुटला तर तुमच्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. डॉक्टरने खोटा दाखला देणं हे दंतवैद्यांच्या 2014 च्या आचारसंहितेप्रमाणे गैरवर्तन आहे. तारीख मागे-पुढे करून देणंही त्यातच आलं.

रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन घेणं-देणं हेही त्याच आचारसंहितेत निषिद्ध आहे. लॅबकडून आम्ही कॅप विकत घेतो, तिचं बिल मागितलं तर दाखवतो. झिरकोनियाच्या कॅपसोबत वॉरंटी कार्ड येतं. त्यावर तुमचं नाव, दाताचा क्रमांक आणि कार्डचा नंबर आहे का ते पाहा, नंबर कंपनीच्या साइटवर टाकून तपासा. ही वॉरंटी कॅप तुटण्याची असते. कॅपखालच्या दाताला कीड लागली तर ती उपयोगाची नाही, हे आम्ही आधीच सांगतो.

नो-कॉस्ट ईएमआयबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगणं गरजेचं वाटतं. ते वित्त कंपनीचं कर्ज असतं. व्याज बहुधा क्लिनिकच्या पैशांतून कापलं जातं, त्यामुळे रोखीचा दर आणि हप्त्याचा दर दोन्ही लेखी मागा. उपचार अर्ध्यावर थांबले तरी हप्ते थांबत नाहीत. इम्प्लांट, दात सरळ करणारे अलायनर अशा महिनोन्‌महिने चालणाऱ्या कामांत हे जास्त जड जातं.

कोण किती पैसे देणार हे प्लॅनने जरूर ठरवावं. तुमच्या दाढेचं काय करायचं हे तुम्ही आणि तुमचा डॉक्टर ठरवाल, त्यात तिसऱ्याला जागा नाही. म्हणून आमच्याकडे तपासणी आणि लेखी पर्याय आधी, कार्ड नंतर.

आमच्या सल्ल्यावर शंका असेल तर एक्स-रेची प्रत आणि एस्टिमेट काउंटरवरून घेऊन जा, त्याचे पैसे नाहीत. मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात किंवा हिंगण्याकडच्या डेंटल कॉलेजांपैकी एकात दाखवा. तिथे खर्च कमी येतो, फक्त वेळ हाताशी ठेवून जा. त्यांचा सल्ला वेगळा असेल तर कागद घेऊन या, दोन्ही एक्स-रे समोर ठेवून बोलू. आणि यादीत नसलेल्या कामांच्या पावत्या वेगळ्या करून ठेवल्या आहेत. तुमच्या प्लॅनमध्ये ओपीडीची (भरती न होता घेतलेल्या उपचारांची) शिल्लक असेल तर त्या लावून पाहा, फॉर्मवरचा डॉक्टरचा भाग आम्ही भरून देऊ.