पवनचक्कीला हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, पण आधी नकाशा मागा

पवनचक्कीची कंपनी आली की गाव दोन तटांत फुटतं. बीड-धाराशिवच्या बालाघाट पट्ट्यात, केज, पाटोदा, वाशी, भूम, कळंब भागात हे गावोगाव चालू आहे. एक तट म्हणतो, कोरडवाहू माळाला भाडं येतंय तर येऊ द्या. दुसरा म्हणतो, जमीन जाईल, पाऊस जाईल, वर गावात गुंडगिरी येईल. ग्रामसभेत आरडाओरडा होतो, ठराव पास होतो किंवा बारगळतो, आणि ज्या कागदावर भांडायला हवं तो कागद टेबलावर आलेलाच नसतो. तो कागद म्हणजे पूर्ण प्रकल्पाचा नकाशा. यंत्रं कुठे एवढंच दाखवणारा नव्हे, तर रस्ते, क्रेनची जागा, ३३ केव्हीच्या (३३ हजार व्होल्टच्या) लाईनचे खांब, सबस्टेशन आणि तिथून निघणारी मोठी लाईन, सगळं गटनंबरासह.

ग्रामसभेतच का? कारण २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेच्या यादीत पवनऊर्जा नाही. त्यामुळे साखर कारखान्याला किंवा खाणीला होते तशी जनसुनावणी इथे होत नाही. वनजमीन असेल तर वेगळी प्रक्रिया आहे, पण खाजगी शेतजमिनीवर कंपनी एकेका शेतकऱ्याला गाठून करार करते. सगळं गाव एकत्र बसून प्रश्न विचारेल अशी जागा एकच उरते.

पावसाचं आधी उरकून टाकू. ‘पवनचक्क्या ढग पळवतात’ हे सातारा, सांगली, धुळे सगळीकडे बोललं गेलंय. आजच्या मोठ्या यंत्राचं पातं सगळ्यात वर गेलं तरी जमिनीपासून २१०-२२० मीटरवर जातं. मान्सूनचं बाष्प कित्येक किलोमीटर जाडीच्या थरातून वाहतं आणि त्या वाऱ्याचा जोर साधारण दीड किलोमीटर उंचीवर सर्वात जास्त असतो. साताऱ्याच्या चाळकेवाडी-वनकुसवडे पठारावर तर ढग पात्यांना घासून जातात, तरी शेजारचा ठोसेघरचा धबधबा पावसाळ्यात धो धो कोसळतोच. या मुद्द्यावर विरोध उभा केला की कंपनीचा माणूस हसतो आणि खऱ्या मुद्द्यांवरून सुटतो.

आता खरे मुद्दे. १४४ मीटर व्यासाचा रोटर, म्हणजे पात्यांच्या फिरण्याचं वर्तुळ, घ्या, टॉवर १४० मीटर. कंपनी एका यंत्राला साधारण अडीच एकर, म्हणजे एक हेक्टर घेते. तो तुकडा १०० बाय १०० मीटरचा धरला आणि यंत्र बरोबर मधोमध ठेवलं, तर बांध ५० मीटरवर येतो. पातं ७२ मीटर लांब जातं. म्हणजे २२ मीटर पातं शेजाऱ्याच्या डोक्यावरून फिरणार, आणि यंत्र वाऱ्याप्रमाणे तोंड फिरवतं म्हणून हे चारही बाजूंना होणार. वर्तुळाचं क्षेत्र काढलं तर चार एकर भरतं. भाडं अडीच एकराचं. शेजाऱ्याला त्या पट्ट्यात विहिरीवर खोली बांधायची असेल तर काय, हे कुणी विचारत नाही. त्या शेजाऱ्याशी स्वतंत्र करार हवा, नाहीतर यंत्राला जागा तेवढी मोठी घ्यावी लागेल.

केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत अंतरं दिली आहेत. कोणत्याही राहत्या घरापासून ५०० मीटर. सार्वजनिक रस्ता, इमारत, मोठी वीजवाहिनी यांच्यापासून टॉवरची उंची अधिक निम्मा रोटर अधिक ५ मीटर. वरच्या यंत्राला ते २१७ मीटर होतं. गोम अशी की आपल्याकडे वस्तीवरचं घर नकाशात नसतं. शेतातलं पत्र्याचं घर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये नोंदलेलं नसेल, तर कंपनी म्हणणार, इथे घरच नाही. सर्व्हेवाले गावात दिसायच्या आधी वस्त्यांची नोंद करून घ्या. रात्री ५०० मीटरवर आवाज फार मोठा नसतो, पण एकसुरी ‘सूं-सूं’ असतो. आणि सकाळ-संध्याकाळ पात्याची सावली घरावरून फिरते ती ज्याला सोसायची त्यालाच कळते.

यानंतर रस्ता. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं आणि सगळ्यात कमी चर्चाही याचीच होते. एका यंत्राच्या पायाला ४०० ते ६०० घनमीटर काँक्रीट लागतं आणि ते एका दमात ओतावं लागतं, मध्ये थांबलं की सांधा राहतो. सहा घनमीटरचा मिक्सर धरला तर ६५ ते १०० खेपा, एका दिवस-रात्रीत, तुमच्या पाणंदीवरून. सत्तर मीटरचं पातं घेऊन येणारा ट्रेलर वळायला कोपऱ्यावरच्या शेतातून जातो. शेकडो टन उचलणारी क्रेन एका यंत्राकडून दुसऱ्याकडे उभीच चालवायची तर दहा-बारा मीटर रुंद, रोलर फिरवलेली वाट लागते. काळ्या मातीत हे टिकावं म्हणून मुरूम आणि खडीचा थरावर थर टाकतात, रस्ता शेतापेक्षा दीड-दोन फूट वर येतो आणि उताराला आडवा गेला तर तो बंधाराच होतो. वरच्या अंगाचं पाणी अडतं, वापसा येत नाही, तूर उधळते म्हणजे उभी वाळते, दोन पावसाळ्यांत जमीन चिबड होते. खालच्या अंगाला पाईप जिथे उघडतो तिथे ओघळ पडून माती वाहून जाते.

उपाय अवघड नाही, फक्त लिहून घ्यावा लागतो. प्रत्येक नैसर्गिक ओघळीवर पाईप हवा, आणि तो ३०० मिलिमीटरचा नव्हे, ९०० चा. लहान पाईप पहिल्याच पावसात पाचट आणि गाळाने बुजतो. पाईपाच्या तोंडाशी दगडी पिचिंग. रस्त्याच्या कडेला चर, आणि चर कुठे सोडायचा ते नकाशावर. खोदताना वरची फूटभर काळी माती वेगळी ढीग करून ठेवायची, काम झालं की मुरूम उचलून तीच परत पसरायची. क्रेन उभी राहते त्या पॅडखालची जमीन दगडासारखी दबलेली असते. नुसता नांगर घालून ती सुटत नाही, खोल फाळाच्या सबसॉयलरने फोडावी लागते. हे कोण करणार आणि किती दिवसांत, ते करारात नसेल तर कुणीच करत नाही, कारण तोवर ठेकेदार पुढच्या गावात गेलेला असतो.

इथे एक गोष्ट गावाच्या बाजूची आहे. वर्षभरातली निम्म्याहून जास्त वीज जून ते सप्टेंबरच्या वाऱ्यात तयार होते, त्यामुळे कंपनीला यंत्र मे अखेर फिरायला हवं असतं. फेब्रुवारीनंतरचा एकेक आठवडा तिला महाग पडतो. बोलणी करायची ती तेव्हा नव्हे, त्याआधी, पण ही घाई ओळखून.

लाईनचं गणित तर ऐकूनच लोक चकित होतात. २२० केव्हीच्या वाहिनीचा पट्टा ३५ मीटर रुंद धरतात. तुमच्या शेतातून ती ३०० मीटर गेली तर साडेदहा हजार चौरस मीटर, म्हणजे अडीच एकराच्या वर, तिच्याखाली आलं. ज्याच्या शेतात यंत्र आहे त्याच्याइतकीच जमीन अडकली. त्याला दरवर्षी भाडं, तुम्हाला एकदाच मोबदला, आणि घर, आंब्याची बाग, उंच झाडं बंद. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जून २०२४ च्या सूचनांत मनोऱ्याच्या पायाच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला ३० टक्के असा आधार आहे. राज्याचा लागू शासन निर्णय जिल्हाधिकारी कार्यालयातून मागून घ्या. कंपनी ‘आम्हाला टेलिग्राफ कायद्याचे अधिकार आहेत’, म्हणजे मालकाच्या संमतीशिवाय लाईन नेता येते, असं म्हणाली तर वीज कायदा २००३ च्या कलम १६४ खालचा आदेश दाखवायला सांगा. ते अधिकार कंपनीला आपोआप मिळत नाहीत, सरकारने तसा आदेश काढावा लागतो.

आणि मोबदल्याच्या या सूचना ६६ केव्ही आणि त्यावरच्या वाहिन्यांसाठी आहेत. यंत्रापासून सबस्टेशनपर्यंत जाणारे ३३ केव्हीचे खांब त्यात बसत नाहीत. गावात सगळ्यात जास्त पसरतात ते तेच. खांबामागे किती, जोडखांबाला किती, खांब बांधावरून न्यायचे की शेताच्या मधून, ट्रॅक्टर वळवायला अडचण झाली तर काय, हे सगळं निव्वळ बोलण्यावर चालतं. आणि बोलणं संध्याकाळी हॉटेलात होतं.

कागदाबद्दल थोडक्यात. एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृतच लागतो, पाचशेच्या स्टँपवर नोटरी चालत नाही. फेरफार धरल्यावर हरकतीला १५ दिवस असतात, ती नोटीस वाचा. वर्ग २ ची (हस्तांतरणावर सरकारी बंधन असलेली), इनामी किंवा देवस्थानची जमीन असेल तर परवानगीशिवाय पुढे जाऊ नका. कुलमुखत्यारपत्रावर सही मागणाऱ्या एजंटला चहा पाजून वाटेला लावा. करार आज आणि भाडं ‘यंत्र सुरू झाल्यावर’ असं असेल तर दोन वर्षांत काम न झाल्यास करार आपोआप रद्द, हे वाक्य हवं. वाढीचं कलम नीट बघा. पहिल्या वर्षी १०० रुपये भाडं धरा. दर तीन वर्षांनी ५ टक्के वाढ असेल तर तिसाव्या वर्षी १५५ होतात, दरवर्षी ५ टक्के असेल तर ४१२. कागदावर दोन्हीकडे ‘५ टक्के’च लिहिलेलं असतं.

पैसा किती आहे हेही माहीत असावं. तीन मेगावॅटचं यंत्र ३० टक्के क्षमतेने चाललं तर वर्षाला साधारण ७९ लाख युनिट. साडेतीन रुपये दर धरला तर पावणेतीन कोटी. यातून कर्ज आणि देखभाल जाते, त्यामुळे निम्मे आम्हाला द्या म्हणणं वेडेपणा आहे. पण अर्धा टक्का गावाला द्या म्हटलं तर यंत्रामागे वर्षाला १ लाख ३८ हजार, आणि ४० यंत्रांच्या प्रकल्पात ५५ लाख. ज्यांच्या शेतात यंत्र नाही, पण ज्यांची पाणंद उखडली आणि ज्यांच्या डोक्यावरून तारा गेल्या, त्यांचा वाटा यातून निघू शकतो. ‘गावाला फुकट वीज’ मात्र विसरा. ही वीज २२० केव्हीवर ग्रीडमध्ये जाते, तुमच्या डीपीचा फ्यूज महावितरणच्याच हातात राहतो. नोकऱ्याही बांधकामापुरत्या, नंतर मोजके तंत्रज्ञ आणि पहारेकरी.

हे सगळं उघड्यावर, एका समितीमार्फत, एका दराने झालं पाहिजे असं मी म्हणतो त्याला कारण आहे. प्रत्येकाला वेगळा दर आणि प्रत्येक दर गुप्त असला की मधल्या माणसाची सोय होते. आज एजंट, उद्या काम अडवणारा, परवा खंडणी मागणारा. ९ डिसेंबर २०२४ ला केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली आणि तपासात पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीचा धागा पुढे आला. यावर आणखी काही लिहायची गरज नाही.

विरोध करणाऱ्यांकडेही भक्कम मुद्दे आहेत, ढगांपेक्षा कितीतरी चांगले. चाळकेवाडीच्या पठारावरचं संशोधन २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. पवनचक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट आढळले, आणि पवनचक्क्यांच्या भागात शिकारी कमी झाल्याने सरड्यांची संख्या वाढली. माळ ‘पडीक’ नसतो. त्यावर मेंढरं चरतात, तणमोर आणि धाविक हे पक्षी राहतात. माळाचा वरचा कडा सोडा, यंत्रं खाली घ्या, ही मागणी नकाशा हातात असेल तरच करता येते.

राहिला शेवट. साताऱ्यातली सुरुवातीची २२५-३५० किलोवॅटची यंत्रं आज म्हातारी झालीत. ती उभी राहिली तेव्हा मालकाला घसाऱ्याची करसवलत होती, म्हणजे यंत्राच्या किमतीतला ठरावीक हिस्सा वर्षाच्या करपात्र उत्पन्नातून वजा करता यायचा, आधी १०० टक्के, मग ८०. यंत्र पुढे किती चालतं यापेक्षा मार्चच्या आत उभं राहतंय का याचीच काळजी जास्त असायची. आज सवलत ४० टक्के आहे आणि मालक वीज विकून कमावतो, हे बरंच. पण दहा वर्षांनी कंपनी दुसऱ्याने विकत घेतली तर यंत्र काढायचं कुणी? लोखंड भंगारात जातं. पातं फायबरचं असतं, त्याला गिऱ्हाईक नाही. पायाचं काँक्रीट किमान एक मीटर खोलीपर्यंत फोडून काढायचं, वर माती टाकायची आणि त्या खर्चाची बँक गॅरंटी कराराच्या मुदतीपेक्षा एक वर्ष जास्त ठेवायची, असं कलम घाला. कंपनी नाही म्हणेल. दुसऱ्या बैठकीत ‘बघू’ म्हणेल.

आणि ज्यांनी आधीच सही केली आहे त्यांनी आज घरी एवढंच बघा, नोंदणी झालेल्या कराराची प्रत कपाटात आहे का. नसेल तर दुय्यम निबंधक कार्यालयात अर्ज करून फी भरा, नक्कल मिळते.