पंखाचं टोक

मी ओहायोत डेटनपासून अर्ध्या तासावर राहतो, म्हणजे राइट बंधूंच्या गावाशेजारीच, आणि गेली चार वर्षं गॅरेजमध्ये दोन सीटचं विमान बांधतोय. किटचं आहे हो, पण निम्म्याहून जास्त काम हौशी माणसानं स्वतः केलेलं असलं तरच इथे ते होमबिल्ट धरतात, त्यामुळे रिव्हेट मारून मारून माझे कान गेले आणि बायकोचा पेशन्स. तरी पंख झाले एकदाचे. "आता काय, नुसती टोकं राहिलीत," असं गेल्या वर्षी गणपतीत आईला व्हिडिओ कॉलवर बोलून बसलो आणि तिथेच नजर लागली.

तर पंखाखालची जास्त दाबाची हवा टोकाला वळसा घालून वर पळायला बघते, त्याचा भोवरा होतो आणि त्यापायी विमान मागे ओढलं जातं. यावर उपाय विचारला की लग्नघरात मेनू विचारल्यासारखं होतं. एक म्हणतो हॉर्नर टिप लाव, खालची बाजू तिरकी वर चढत गेलेली, दुसरा म्हणतो टोक खाली वाकव, तिसऱ्याला विंगलेटच (टोकाला वर वळलेली उभी पाती) पाहिजेत कारण विमानं डिझाइन करणाऱ्या बर्ट रुटानने 1975 साली आपल्या व्हॅरीईझ या होमबिल्ट विमानाला लावले होते. विंगलेट मलाही हवे होते, खोटं कशाला बोलू, फोटोत भारी दिसतात. पण आमच्यासारख्या छोट्या, पळणाऱ्या विमानाला क्रूझमध्ये, म्हणजे एका वेगात सरळ उडताना, या भोवऱ्याचा त्रास कमीच, तो खरा जाणवतो चढताना आणि हळू उडताना. म्हणजे वजन वाढवा, पंखाच्या मुळावर ताण वाढवा, आणि मिळणार काय तर पार्किंगमध्ये शायनिंग. हॉर्नर घेतली.

फायबरग्लासची टोकं आली. बसवली तर टोकाची मागची कड एलेरॉनच्या (विमान कलवणारी पंखामागची हलती फळी) कडेपेक्षा चांगली पाच मिलिमीटर वर! दिसायला एवढंसं, पण असं वाकडं टोक हवेत आपणहून पंख वर-खाली ढकलत बसतं आणि पायलट स्टिक एका बाजूला दाबून धरत बसतो. म्हणून मागची कड करवतीनं चिरायची, सरळ धरून पुन्हा चिकटवायची आणि वर इपॉक्सी गोंदात मायक्रोबलून्सची, म्हणजे काचेच्या बारीक पोकळ गोळ्यांची, पांढरी पूड कालवून लिंपायचं, साधारण श्रीखंडाइतकं घट्ट. श्रीखंड म्हटल्यावर मी घरातली वाटी घेतली. एकदम जास्त कालवलं, वाटी हातात पोळायला लागली, धूर निघाला आणि मिश्रणाचा दगड झाला. ती वाटी सासूबाईंनी दिलेल्या सेटमधली होती, हे मला नंतर सविस्तर कळलं.

मग घासणं. फायबरग्लासची धूळ म्हणजे खाजकुयली, मास्क लावा, बाह्या टेपनं बांधा, तरी रात्री दोनला मान खाजतेच. राइट बंधूंचं बरं होतं, विल्बरने 1899 साली सायकलच्या ट्यूबचा रिकामा खोका हातात पिळून बघितला आणि पंखाची टोकं तारांनी पिळून विमान कलवायची आयडिया काढली. वाकडी असणं हेच त्यांच्या टोकांचं काम!

उजवं टोक सरळ झालं, हिरवा दिवा बसला, आत अँटेनाही लपवली (ॲल्युमिनियममध्ये लपवली असती तर बंदच पडली असती). डाव्याची कड तीनदा चिरली. आता ती दोन मिलिमीटर खाली आहे.

परवा दिवाळीच्या फराळाला मंडळी आली, ती थेट गॅरेजात. बायको गाइड. "हे इंजिन, हे पंख," आणि माझ्या हातातल्या डाव्या टोकाकडे बोट करून, "हे तुम्ही गेल्या दिवाळीला पाहिलंयत."