‘खरे कलाकार सीमेवर जात होते’ हा मेसेज तुमच्याकडेही आला असेल

सीमेवर काही झालं की व्हॉट्सअॅपवर एक ठरावीक मजकूर पुन्हा धावायला लागतो. मे २०२५ मध्ये, ऑपरेशन सिंदूरच्या त्या चार दिवसांत, तर सोसायटीच्या ग्रुपपासून शाळेच्या बॅचपर्यंत सगळीकडे तोच. तपशील बदलतात, सांगाडा तोच राहतो. दुसऱ्या महायुद्धात हॉलिवूडचे झाडून सगळे नट गणवेश चढवून लढायला गेले. आपल्याकडे गेला तो एकटा नाना पाटेकर. बाकीचे पडद्यावर मिशीला पीळ देतात आणि खरं युद्ध पेटलं की बिळात शिरतात. जे बोलतात ते प्रसिद्धीसाठी, जे बोलत नाहीत ते गद्दार. आणि नाचगाणं म्हणजे काही देशसेवा नव्हे. शेवटी अर्थातच, सच्चे भारतीय असाल तर पुढे पाठवा.

मी पाठवला नाही. त्याऐवजी त्यातल्या एकेका वाक्याचं काय करायचं ते इथे लिहितो.

हॉलिवूडपासून सुरू करू, कारण मेसेजची सगळी भिस्त तिथे आहे. जेम्स स्टुअर्टचं उदाहरण खरं आहे, आणि ते ऐकून मान आदरानेच खाली जाते. वजन कमी भरलं म्हणून सैन्याने आधी त्याला परत पाठवलं होतं. तरीही मार्च १९४१ मध्ये, म्हणजे पर्ल हार्बरवर हल्ला व्हायच्या आधीच, तो भरती झाला. पुढे बी-२४ बॉम्बर घेऊन जर्मनांच्या ताब्यातल्या युरोपवर त्याने वीस मोहिमा केल्या आणि कर्नल होऊन घरी आला. पण ‘झाडून सगळे’? जॉन वेनचं काय करायचं? युद्ध सुरू झालं तेव्हा तो ३४ वर्षांचा, चार मुलांचा बाप. आधी कुटुंबामुळे सूट मिळाली, नंतर स्टुडिओने ती टिकवून घेतली. पॅसिफिकमधल्या सैनिकांच्या करमणुकीसाठी तो काही महिने फिरून आला, एवढाच त्याचा युद्धाशी संबंध. त्यानंतर उभी हयात पडद्यावर सैनिक रंगवून अमेरिकन देशभक्तीचा चेहरा म्हणून मिरवला तो हाच माणूस. रोनाल्ड रेगनची नजर अधू होती, म्हणून तो गणवेशात असला तरी कॅलिफोर्नियातच राहिला आणि सैन्यासाठी प्रशिक्षणाच्या फिल्म्स करत बसला. चाळीसेक वर्षांनी तोच राष्ट्राध्यक्ष होऊन त्या देशाच्या सैन्याचा सरसेनापती झाला. ह्यांना बिळातले म्हणायचं की सीमेवरचे, ते मेसेज लिहिणाऱ्याने ठरवावं.

आणखी एक गोष्ट मेसेज सोयीस्करपणे गाळतो. अमेरिकेत सप्टेंबर १९४० पासून सक्तीच्या भरतीचा कायदा होता. नट असो की न्हावी, नाव निघालं की जावं लागे. स्वतंत्र भारतात सक्तीची भरती कधीच नव्हती. कायद्याने बोलावलेल्या लोकांची तुलना कुणी बोलावलंच नाही अशांशी करून एकाला शूर आणि दुसऱ्याला भित्रा ठरवणं ही साधी लबाडी आहे.

‘मग आपले नट स्वतःहून का जात नाहीत?’ ह्या प्रश्नामागे अशी समजूत दिसते की सकाळी उठून पिशवी भरायची आणि उरीला जाऊन उभं राहायचं. सैन्याला असं कुणी नको असतं. नोकरी-धंदा सांभाळून सेवा करायची असेल त्यांच्यासाठी प्रादेशिक सेना आहे. तिथे अधिकारी व्हायला १८ ते ४२ वयाची अट, लेखी परीक्षा, मुलाखत, वैद्यकीय तपासणी असं सगळं आहे. मानद हुद्दा ही वेगळी गोष्ट. मल्याळी नट मोहनलालला २००९ मध्ये आणि धोनीला २०११ मध्ये प्रादेशिक सेनेने लेफ्टनंट कर्नलचा मानद हुद्दा दिला. धोनीने २०१५ मध्ये आग्र्याला विमानातून पॅराशूटच्या उड्या मारून दाखवल्या आणि २०१९ मध्ये काश्मीरमध्ये पंधरवडाभर तुकडीबरोबर गस्त आणि पहारा केला, हे त्याच्या खात्यावर जमा आहेच. पण मे २०२५ मध्ये सरकारने लष्करप्रमुखांना प्रादेशिक सेना बोलावण्याचा अधिकार दिला, तेव्हा ‘धोनी आणि मोहनलाल सीमेवर रवाना’ असं जे फिरलं ते निव्वळ थापा होत्या. तो आदेश ३२ पायदळ बटालियनपैकी १४ कामाला लावण्याबद्दल होता. त्यात कुणाचं नाव नव्हतं.

नानाबद्दल मेसेज खोटं बोलत नाही. ‘प्रहार’ चित्रपटासाठी त्याने मराठा लाइट इन्फन्ट्रीबरोबर प्रशिक्षण घेतलं, मानद कॅप्टन झाला आणि १९९९ मध्ये कारगिलच्या वेळी काश्मीरमध्ये जवानांबरोबर राहून आला. त्याला सलाम. मात्र त्याच्या नावाची काठी करून बाकीच्यांना हाणायचं, हे त्याने कुणाला सांगितलेलं नाही.

आता ‘नाचगाणं म्हणजे देशसेवा नव्हे’. इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण हा मेसेज मराठीत लिहिणाऱ्याला आपल्या बाबूजींचाच, म्हणजे सुधीर फडक्यांचाच, विसर पडलेला दिसतो.

१९५४. दादरा आणि नगर हवेली अजून पोर्तुगिजांकडे. भारत सरकार उघडपणे हात घालायला तयार नाही. राजा वाकणकर वगैरे मंडळी सशस्त्र मोहिमेची जुळवाजुळव करतात, पण हत्यारं फुकट मिळत नाहीत. पुण्यात हिराबागेत लता मंगेशकरांचा कार्यक्रम होतो आणि त्याचे पैसे मोहिमेला जातात. गाणं आणि बंदूक ह्यांचा हिशोब ज्यांना वेगळा ठेवायचा आहे त्यांनी हे लक्षात घ्यावं, की इथे एकातून दुसरी आली. आणि सुधीर फडके नुसते कार्यक्रमात नव्हते, ते मोहिमेवरच गेले. तोवर चित्रपटांचे नाव झालेले संगीतकार, नुकतीच पस्तिशी पूर्ण केलेले, घरसंसार असलेले. बाबासाहेब पुरंदरेही त्याच मोहिमेत होते. २ ऑगस्ट १९५४ ला नगर हवेलीतलं सिल्वासा मुक्त झालं.

त्यानंतर बाबूजींनी काय केलं? परत आले आणि चाली लावायला बसले. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. सिल्वासा आणि ‘स्वये श्री रामप्रभू ऐकती’ ह्यांच्यात जेमतेम आठ महिने आहेत. ज्या घरांमध्ये दर आठवड्याला रेडिओला हार घालून ते ऐकलं गेलं, त्यातल्या किती जणांना माहीत असेल की गाणारा माणूस गेल्या पावसाळ्यात पोर्तुगीज पोलिसांच्या समोर उभा होता? त्यांनी ते मिरवलंही नाही. पुढे गोवा मुक्त झाल्यावरही गोवा मुक्तिलढ्यातले मोहन रानडे लिस्बनच्या तुरुंगात खितपत पडले होते. त्यांच्या सुटकेसाठी समिती काढून वर्षानुवर्षं खटपट करणाऱ्यांत पुढे होते तेही बाबूजीच. १९६९ मध्ये रानडे सुटले. ह्यातला कुठला भाग देशसेवा आणि कुठला नाचगाणं, हे मला तरी वेगळं काढता येत नाही.

बाहेरचीच उदाहरणं हवी असतील तर हॉलिवूडची नटी कॅरोल लोम्बार्ड घ्या. युद्धरोखे विकायला ती जानेवारी १९४२ मध्ये इंडियानात गेली, एका दिवसात वीस लाख डॉलरहून जास्त रोखे खपवले आणि परतताना विमान कोसळून गेली. तिने बंदूक हातात घेतली नव्हती. पॅरिसच्या रंगमंचावरची जोसेफिन बेकर स्वरलिपीच्या कागदांवर अदृश्य शाईने लिहिलेली माहिती फ्रान्सबाहेर नेत असे. नाचणाऱ्या बाईवर कोण संशय घेणार, हेच तर तिचं भांडवल होतं. तिला फ्रान्सने युद्धपदक दिलं आणि २०२१ मध्ये थोरांच्या समाधिस्थळात, पँथिऑनमध्ये, जागा दिली. आणि १९६२ च्या चीन युद्धानंतर सुनील दत्त आणि नर्गिस ‘अजंठा आर्ट्स’ची मंडळी घेऊन पहाडातल्या चौक्यांपर्यंत जात होते, तेही फोटोपुरतं नव्हतं. बांगलादेश मुक्त झाल्यावर ते ढाक्यालाही गेले. उणे तापमानात महिनोन्महिने बसलेल्या पोराला एक संध्याकाळ गाणं ऐकायला मिळणं ही चैन आहे की गरज, हे घरी पंखा लावून मेसेज टाइप करणाऱ्याने सांगू नये.

पुढचं वाक्य तर स्वतःलाच खोडतं. बोललं तर प्रसिद्धीची हाव, नाही बोललं तर गद्दारी. मग करायचं काय? मे २०२५ मध्ये कुणी किती तासांत ट्वीट केलं ह्याच्या याद्या निघाल्या. पहलगामच्या हल्ल्यानंतर अमिताभ बच्चन रोज नुसता क्रमांक टाकून कोरी ट्वीट करत होते, तर त्या कोरेपणाचाही खटला भरला. शेवटी त्यांनी लिहिलं, तर ‘आता सुचलं का?’ हजेरीपटावर सही करायला लावल्यासारखं ट्वीट मागून घ्यायचं आणि मग ते मनापासून नाही म्हणून पुन्हा बोंबलायचं, ह्याला अंत नाही.

ह्याची आपल्याकडची जुनी शिकार म्हणजे दिलीपकुमार. १९९८ मध्ये पाकिस्तानने त्यांना ‘निशान-ए-इम्तियाज’ हा किताब दिला. पुढच्याच वर्षी कारगिल झालं आणि शिवसेनेने तो परत करा म्हणून रान उठवलं. पेशावरला जन्मलेला, मुंबईचा शेरीफ राहिलेला, पंचावन्न वर्षं ह्या देशाच्या पडद्यावर काम केलेला माणूस ७६ व्या वर्षी आपली देशभक्ती सिद्ध करायला उभा केला गेला. ते पंतप्रधान वाजपेयींना भेटले. वाजपेयींनी सांगितलं की किताब ठेवायचा की परत करायचा हे त्यांनीच ठरवावं, त्यांच्या देशनिष्ठेबद्दल शंका नाही. युद्ध चालवणाऱ्या पंतप्रधानाला जी शंका नव्हती ती गल्लीत होती.

कलाकाराच्या बोलण्याने होतं काय, असं विचारणाऱ्यांसाठी १ ऑगस्ट १९७१. पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे भारतात येत होते, अमेरिकेतलं निक्सनचं सरकार पाकिस्तानच्या याह्याखानाच्या पाठीशी होतं आणि बहुतेक अमेरिकनांना बंगाल नकाशावर दाखवता आला नसता. सतारवादक रविशंकरांनी बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनला गाठलं आणि न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एकाच दिवशी दोन कार्यक्रम झाले, मिळून चाळीसेक हजार श्रोते. सुरुवातीला रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्लारखाँ वाद्यं जुळवत होते, तर लोकांनी त्यालाच टाळ्या दिल्या. रविशंकर हसून म्हणाले की जुळवणं एवढं आवडलं असेल तर वादन आणखी आवडेल. त्या श्रोत्यांना सतार कळत नव्हती, पण घरी जाताना बांगलादेश हा शब्द घेऊन गेले. आपलं सैन्य उतरायला अजून चार महिने होते.

राहिला सगळ्यात अवघड मुद्दा: युद्धाला नाही म्हणणारा कलाकार. मेसेजच्या मते तो सरळ देशद्रोही. ल्यू एअर्स हा हॉलिवूडचा लोकप्रिय नट. १९४२ मध्ये त्याने सांगितलं, मी माणूस मारणार नाही. गहजब झाला, कित्येक चित्रपटगृहांनी त्याचे चित्रपट उतरवले. पण त्याने पळ काढला नव्हता. हत्याराशिवाय वैद्यकीय दलात पाठवा, एवढंच तो मागत होता. अखेर पाठवलं, आणि पॅसिफिकच्या आघाडीवर न्यू गिनी, लेटे, लुझॉन अशा ठिकाणी तो जखमींची शुश्रूषा करत राहिला. सैन्याचा पगार त्याने रेडक्रॉसला दिला. लढायांतल्या सहभागाबद्दल मिळणारे तीन रणतारे घेऊन परत आला. ह्या हिशोबात तो जॉन वेनच्या वर बसतो की खाली?

उलट बाजूही सांगायला हवी. हॉलिवूडची नटी जेन फोंडा जुलै १९७२ मध्ये शत्रूच्या राजधानीत, हनोईला गेली आणि अमेरिकन विमानं पाडणाऱ्या तोफेवर बसून फोटो काढून घेतला. व्हिएतनामचं युद्ध चुकीचं होतं हे तिचं म्हणणं मला पटतं, तो फोटो अजिबात पटत नाही, आणि पुढे तिनेही त्याबद्दल अनेकदा माफी मागितली. बोलायचा हक्क असला म्हणून बोलणं शहाणपणाचं असतंच असं नाही. नेत्यांना, संपादकांना आणि निवृत्त जनरलांनाही हेच लागू आहे. मग नटांनीच तेवढं तोंड शिवून बसावं, हे कुठून आलं?

आणि शेवटचा टोमणा, ‘हे लोक कमावतात, देशाला देतात काय?’ २७ जानेवारी १९६३, दिल्लीचं नॅशनल स्टेडियम. कवी प्रदीपांचे शब्द, पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांची चाल, लताबाईंचा आवाज, समोर नेहरू. ‘ऐ मेरे वतन के लोगो’ ऐकून डोळे पुसणारा देश आजही डोळे पुसतो. त्या गाण्याची रॉयल्टी प्रदीपांनी युद्धविधवांच्या निधीला देऊन टाकली होती. पुढे रेकॉर्ड विकल्या गेल्या, कॅसेट विकल्या गेल्या, दर १५ ऑगस्टला चौकाचौकात ते वाजलं आणि निधीचे पैसे थकत गेले. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रेकॉर्ड कंपनीला थकबाकीपोटी दहा लाख रुपये भरायला सांगितलं, तेव्हा कवीला जाऊन सात वर्षं होत आली होती.