खोकं झोपेना, झोपलं तर उठेना

मशीन चालू असताना चालवणं कुणालाही जमतं हो. खरी मारामारी असते ती त्याला झोपवताना आणि झोपलेलं उठवताना. मी अंबड एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत डिव्हाइस ड्रायव्हर लिहितो, म्हणजे चिप आणि लिनक्स यांच्या मध्ये जो कोड बसतो तो, आणि या द्राक्षाच्या सीझनला माझं जे काय रक्त आटलं ते या दोन वेळांतच आटलं. मधल्या वेळात खोकं एकदम गुणी.

खोकं म्हणजे कोल्ड स्टोरेजच्या भिंतीला लावायचा डबा. आत लिनक्सचं बोर्ड, टेंपरेचर मोजणारी एक चिप, दाराचा सेन्सर आणि बॅटरी. बॅटरी अशासाठी की दिंडोरीकडे लाईट कधी जाईल नि कधी येईल याचा नेम नाही, आणि एक्स्पोर्टची द्राक्षं शून्य-एक डिग्रीत ठेवायची असतात, टेंपरेचर चढलं की ज्यांचं कोल्ड स्टोरेज आहे ते नाना पहिला फोन आम्हाला लावणार, कंप्रेसरवाल्याला नंतर. तर डब्याने एरवी झोपून राहायचं, ठरल्या वेळी उठून टेंपरेचर लिहायचं, परत झोपायचं, आणि मध्येच कुणी दार उघडलं तर ताबडतोब उठायचं. कागदावर चार ओळींचं काम. मीटिंगमध्ये साहेब म्हणाले पण, 'यात काय एवढं?' हे वाक्य ऐकलं की मी समजून जातो, आता दोन महिने गेले.

यातली गोम अशी की टेंपरेचरची चिप आणि दाराचा सेन्सर, दोघांना मिळून इंटरप्टची, म्हणजे 'माझ्याकडे बघा' अशी प्रोसेसरला हाक मारायची, एकच तार दिलेली. प्रोसेसरचे पाय वाचवायला. जुन्या नाशकातले वाडे आठवा, बाहेरच्या दिंडीदरवाजाला कडी एकच आणि आत बिऱ्हाडं चार. कडी वाजली की प्रत्येकाने डोकावून बघायचं आपल्याकडचा पाहुणा आहे का, असला तर घ्यायचा, नसला तर 'आमच्याकडचा नाही' म्हणून आत जायचं. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, नेमकं हेच करतो, त्या तारेवर जेवढे ड्रायव्हर असतील तेवढ्यांना विचारतो, तुझा का, तुझा का. आणि कुणीच 'माझा' म्हणालं नाही तर? मोजत बसतो. १,००,००० हाकांपैकी ९९,९०० पेक्षा जास्त हाका कुणीच घेतल्या नाहीत असं दिसलं की तो कडीच उपटून ठेवतो आणि लॉगमध्ये लिहितो, 'नोबडी केअर्ड', कुणी विचारलंच नाही. आमचा इंटरप्ट लेव्हलवाला, म्हणजे तार खाली ओढलेली आहे तोवर हाक चालूच, त्यामुळे एक लाख व्हायला वेळ लागत नाही, तुम्ही चहात बिस्कीट बुडवेपर्यंत होतात.

पहिलं दुखणं बॅटरीचं. रात्री फुल्ल चार्ज करून ठेवावी आणि सकाळी डबा गार. लॉग बघितला तर झोपलं, उठलं, झोपलं, उठलं, रात्रभर तेच. मी हार्डवेअरच्या सरांकडे गेलो, ते मान वर न करता म्हणाले सॉफ्टवेअर बघा. हा त्यांचा ठरलेला डायलॉग आहे, बोर्डातून धूर आला तरी ते आधी सॉफ्टवेअर बघा म्हणतील. शेवटी मीच स्कोपचा, म्हणजे तारेवरचं व्होल्टेज पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राचा, प्रोब त्या तारेवर लावला आणि बोर्ड झोपवलं, तर काय, झोपताक्षणी तार बदकन शून्यावर. आता हे का, तर ती तार एरवी वर धरून ठेवणारा जो रेझिस्टर असतो, पुलअप, तो टेंपरेचर चिपच्याच सप्लायला जोडलेला होता. आम्ही झोपताना वीज वाचवायला तो सप्लाय बंद करायचो, सप्लाय बंद झाला की पुलअपचा जीव गेला, तार खाली आली, आणि खाली आलेली तार म्हणजे इंटरप्ट, आणि त्याच तारेने उठायचं असं आम्हीच सांगून ठेवलेलं. म्हणजे झोपायची क्रिया हीच उठायची घंटा.

सरांना स्क्रीन दाखवला. त्यांनी बराच वेळ बघितलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि म्हणाले, 'सॉफ्टवेअरमध्ये काही नाही का होणार?' नाही होणार सर. मग त्यांनी मॅग्निफायरखाली बोर्ड धरलं आणि तो रेझिस्टर, जो साबुदाण्याच्या दाण्यापेक्षाही बारीक असतो, चिमट्याने एका बाजूने उभा केला, आणि त्याच्या मोकळ्या टोकाला केसासारखी बारीक तार सोल्डर करून ती कायम चालू असलेल्या ३.३ व्होल्टवर नेली. श्वास रोखून. तेवढ्यात ऑफिसबॉयने 'सर, चहा' म्हणून मागून आवाज दिला आणि रेझिस्टर उडाला. तो अजून सापडलेला नाही. दुसरा लावला. माणूस कितीही कुरकुर करो, हाताला कला आहे सरांच्या, हे मानावंच लागेल.

आता डबा झोपायला लागला. आणि असा झोपला की दार उघडलं तरी उठेना.

हे दुसरं दुखणं माझ्या आधी जो होता त्याचं. तो आता हिंजवडीत असतो आणि फोन उचलत नाही. त्याने टेंपरेचर चिपच्या सस्पेंडमध्ये, म्हणजे झोपतानाच्या कोडमध्ये, डिसेबल आयआरक्यू, म्हणजे इंटरप्टची तारच बंद करणारं फंक्शन, टाकून ठेवलेलं. तार एकट्याची असती तर बरोबरच होतं, कारण हँडलर, म्हणजे हाकेला ओ देणारा ड्रायव्हरचा कोड, अर्ध्यात असेल तर ते फंक्शन तो संपेपर्यंत थांबतं, चांगली सवय आहे. पण तार सामायिक! एका बिऱ्हाडाला लवकर झोपायचंय म्हणून त्याने सगळ्या वाड्याचा दरवाजा बंद केला आणि शेजारच्या दाराच्या सेन्सरचा पाहुणा बाहेर बोंबलत उभा. अशा वेळी आपण फक्त आपल्या चिपचं तोंड बंद करायचं असतं. चिपच्या आतल्या रजिस्टरमध्ये लिहायचं, बाई आता हाक मारू नकोस, मग सिंक्रोनाइझ आयआरक्यू करून चालू असलेला हँडलर संपू द्यायचा, आणि मगच तिचा सप्लाय काढायचा. उठताना उलटं. आधी सप्लाय, मग सेटिंग परत भरायची कारण वीज गेल्यावर तिला काहीही आठवत नसतं, मग जुनी साठलेली हाक पुसायची, आणि सगळ्यात शेवटी तोंड उघडायला परवानगी.

हे चालू असताना एका मित्राने सल्ला दिला, 'अरे नो सस्पेंडचा फ्लॅग लाव ना, झोपेतही इंटरप्ट चालू राहतात.' त्याला तो फ्लॅग आणि वेकअप, म्हणजे इंटरप्टने झोपलेल्या सिस्टीमला उठवायची सोय, यांतला फरक माहीत नव्हता. तो फ्लॅग सिस्टीमला उठवेलच असं नाही, वर तो सामायिक तारेवर लावला की शेजाऱ्याचा हँडलरही नको तेव्हा पळतो. हे दोन्ही एकाच इंटरप्टवर लावायला फारच थोडी योग्य कारणं असतात असं कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये स्वच्छ लिहिलंय, पण ते वाचतो कोण. सल्ले द्यायला मात्र सगळे जागे.

तिसरं दुखणं प्रत्यक्ष नानांकडे गेल्यावरच दिसलं. ऑफिसच्या टेबलावर डबा शहाण्यासारखा उठायचा. कोल्ड स्टोरेजमध्ये दार उघडलं की उठायचा आणि उठल्या उठल्या 'नोबडी केअर्ड'. झालं, तार बंद, पुढे ना दार कळे ना टेंपरेचर. मी स्वेटर, त्यावर नानांनी दिलेली घोंगडी, मांडीवर लॅपटॉप आणि बोटं अशी बधिर की एंटर दाबलं का नाही ते स्क्रीनवर बघून कळायचं. चारी बाजूंनी द्राक्षाच्या पेट्या, खायला एक नाही, सगळ्या सील.

कारण शेवटी सापडलं ते उठण्याच्या क्रमात. कर्नल उठताना सगळ्यांना एकदम उठवत नाही, टप्प्याटप्प्याने उठवतो. इंटरप्ट आधी चालू होतात, आणि बऱ्याच ड्रायव्हरांचं नेहमीचं रिझ्यूम, म्हणजे उठतानाचा कोड, त्याच्या नंतर येतं. आता दार उघडलं म्हणून तर आपण उठलोय, म्हणजे तार खालीच आहे, इंटरप्ट लगेच आला, हँडलर पळत निघाला सेन्सरला विचारायला, आणि ज्या आयटूसी बसवरून, म्हणजे प्रोसेसर नि चिपा एकमेकांशी बोलतात त्या तारांवरून, विचारायचं ती बसच अजून झोपलेली. ती म्हणते 'ट्रान्सफर व्हाइल सस्पेंडेड', म्हणजे झोपेत काय बोलायला लावता. हँडलर म्हणतो मग माझा नसेल बुवा. तार खालीच. परत हाक. परत तेच. लाखाची भरती. ऑफिसात हे दिसलं नाही कारण तिथे आम्ही दाराचं चुंबक हातात धरून लगेच परत टेकवायचो, आणि नानांचं दार म्हणजे हमालाने पेटी आत आणून ठेवेपर्यंत उघडं. उपाय साधा निघाला, बसच्या ड्रायव्हरला नोआयआरक्यू टप्प्यातच, इंटरप्ट चालू व्हायच्या आधी, उठवायचं. कोडमध्ये बदल थोडासाच, पण तो शोधायला मला घोंगडी लागली.

त्यानंतर डबा झोपतो, उठतो, बॅटरी पुरते. एप्रिलमध्ये नानांचा फोन आला, बॅटरी पुन्हा उतरतेय म्हणून. माझ्या पोटात गोळा. लॉग मागवला. ड्रायव्हर धुतल्या तांदळासारखा होता, इंटरप्ट सगळे खरे होते. रोज दुपारी एक वाजला की दार उघडतंय, लागतंय, उघडतंय, लागतंय, चारपर्यंत. बाहेर नाशकाचं ऊन चाळिशीला टेकलेलं. नानांना म्हटलं, नाना, दुपारी कोण जातं आत? पलीकडे जरा शांतता. मग म्हणाले, 'कलिंगडं ठेवलीत थोडी. आणि ताक. पोरं असतात, पाव्हणे येतात.' मी म्हटलं नाना, मग बॅटरी उतरणारच, प्रत्येक वेळी तो उठून नोंद करतोय.

'नोंद कुठं कुठं जाती?'

तुमच्या मोबाईलवर, आणि तुमच्या मुलाच्याही.

'हां,' नाना म्हणाले. 'ते तुमचं इंटरप का काय, ते एक ते चार बंद ठेवता येत असलं तर बघा की भाऊ.'